आयझॅक क्लाइन आणि गॅल्व्हेस्टनचे चक्रीवादळ

मुलांनो, गेल्या सत्रात तुम्ही 'वादळ' या विषयावर लिहिलेले निबंध आम्ही सर्व पालकांनी आवडीने वाचले. शुद्धलेखनाचे सोडून द्या, ते बाईंचे काम. पण एक गोष्ट आमच्या लक्षात आली. कुणाच्या निबंधात हरिकेन घराचे छप्पर उचलून दुसऱ्या गावात नेऊन ठेवत होते, तर कुणाच्या निबंधात टॉर्नेडो समुद्रातून चार दिवस प्रवास करीत येत होता. दोष सर्वस्वी तुमचा नाही. आपल्या मराठीत वादळ हा एकच शब्द सगळ्यांना पुरतो. वळवाच्या पावसाआधी अंगणातली धूळ उडवणारी ती वावटळ, आणि समुद्रावरून येते ते चक्रीवादळ, एवढा फरक आजी-आजोबा करतात. अमेरिकेत मात्र वादळांचे इतके प्रकार नांदतात की प्रत्येकाची वेगळी ओळख करून घ्यावी लागते. ती ओळख आम्ही एका माणसाच्या चरित्रातून करून देणार आहोत. हा माणूस हवामानखात्यात नोकरीला होता, हुशार होता, कष्टाळू होता, आणि त्याने आयुष्यातला सर्वांत मोठा अंदाज साफ चुकवला. पुढे त्याच वादळाने त्याला जे शिकवले ते आज हवामानशास्त्राच्या पुस्तकांत आहे.

आयझॅक मन्रो क्लाइन यांचा जन्म १३ ऑक्टोबर १८६१ रोजी टेनेसी राज्यात, मॅडिसनव्हिल गावाजवळच्या एका शेतकरी कुटुंबात झाला. अमेरिकेत तेव्हा यादवी युद्ध चालू होते. हायवासी कॉलेजात शिक्षण झाल्यावर १८८२ साली ते लष्कराच्या सिग्नल कोअरमध्ये भरती झाले. लष्कर आणि हवामान यांचा काय संबंध, असे तुम्ही विचाराल. तारेने निरोप पोचवणे हे लष्करात सिग्नल कोअरचेच काम होते. देशभरातून ठरलेल्या वेळी तपमान, वारा आणि वायुभार यांच्या नोंदी तारेने वॉशिंग्टनला जात आणि तिथे बसलेले अधिकारी नकाशा काढून अंदाज करीत. म्हणजे हवामानशास्त्राची खरी सुरुवात निरोप लवकर पोचवण्याच्या सोयीतून झाली. आम्हां संगणकवाल्यांना हे वाचून फार बरे वाटते. (वायुभार म्हणजे आपल्या डोक्यावरच्या हवेचे वजन. ते मोजायचे यंत्र म्हणजे वायुभारमापक. यातला पारा झपाट्याने खाली जाऊ लागला की समजावे, काहीतरी येते आहे.)

व्हर्जिनियातल्या फोर्ट मायर येथे प्रशिक्षण घेऊन आयझॅक प्रथम आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉकला गेले. नोकरीत वेळ उरतो म्हणून त्यांनी तिथे वैद्यकीचा अभ्यास केला आणि १८८५ साली चक्क डॉक्टर झाले! हवेचा प्रकृतीवर काय परिणाम होतो, हा त्यांच्या कुतूहलाचा विषय होता. पुढे टेक्ससमध्ये, ॲबिलीन या गावी बदली झाली. तिथे त्यांची कोरा मे यांच्याशी ओळख झाली. १८८७ साली त्यांचे लग्न झाले आणि १८८९ साली हे कुटुंब गॅल्व्हेस्टनला आले. ॲली मे, रोझमेरी आणि एस्थर अशा तीन मुली त्यांना झाल्या. धाकटा भाऊ जोसेफही पुढे त्याच कचेरीत नोकरीला लागला आणि त्यांच्याच घरी राहू लागला.

गॅल्व्हेस्टन म्हणजे आपण ह्यूस्टनकर रविवारी डबा घेऊन जिथे समुद्र पाहायला जातो तेच. पण त्या काळी ह्यूस्टनपेक्षा त्याचाच दिमाख मोठा होता. कापसाची निर्यात, बँका, बंदर, विजेचे दिवे, सगळे तिथे. १९०० सालच्या शिरगणतीत वस्ती सदतीस हजारांवर होती. आणि हे सगळे वैभव एका वाळूच्या दांड्यावर उभे होते. एका बाजूला मेक्सिकोचे आखात, दुसऱ्या बाजूला खाडी, आणि बेटावरची सर्वांत उंच जागा समुद्रापासून नऊ फूटसुद्धा नाही. आपल्या घराची छते साधारण तेवढ्या उंचीवर असतात. एवढी उंची शहरातल्या 'सर्वांत उंच' जागेची, मग बाकीच्या गावाचे काय ते समजा.

याच किनाऱ्यावर, नैर्ऋत्येला, इंडियनोला नावाचे दुसरे भरभराटीचे बंदर होते. १८७५ साली चक्रीवादळाने ते मोडले. लोकांनी पुन्हा बांधले. १८८६ साली दुसऱ्या चक्रीवादळाने ते कायमचे पुसले. गॅल्व्हेस्टनमधल्या काही जाणत्या मंडळींनी तेव्हा समुद्राला भिंत घालायची गोष्ट काढली. पण भिंत म्हटली की खर्च आला, खर्च म्हटला की सभा आली, आणि सभांचे काय होते ते आपल्याला मंडळाच्या वार्षिक सभेवरून ठाऊकच आहे.

इथे आयझॅक यांच्या आयुष्यातली ती गोष्ट येते. जुलै १८९१ मध्ये त्यांनी गॅल्व्हेस्टनच्या वर्तमानपत्रात एक लेख लिहिला. त्यांचे म्हणणे असे, की वेस्ट इंडीजकडून येणारी चक्रीवादळे निसर्गनियमानेच उत्तरेकडे वळतात, टेक्ससला सहसा येत नाहीत, आणि इंडियनोलाचे जे झाले तो अपवाद. शिवाय इथला समुद्रतळ किनाऱ्यापासून फार हळूहळू खोल होत जातो. त्या उथळ पाण्यात लाटेचा जोर मोडेल. आणि पाणी आलेच तर खाडीपलीकडच्या सखल माळावर पसरेल, शहराचे फारसे नुकसान करणार नाही. समुद्राची भीती बाळगणे हा त्यांच्या मते निव्वळ भ्रम होता.

भिंत केवळ या लेखामुळे झाली नाही असे आम्हांला वाटत नाही. ज्यांना पैसा काढायचा नव्हता त्यांना निमित्त हवे होते, ते मिळाले. पण एका सरकारी तज्ज्ञाने छापील अक्षरांत निर्वाळा दिला की त्याचे वजन पडतेच.

आता त्या लेखातली चूक कुठे होती ते पाहू. त्यासाठी आईला विचारून एक परात घ्या. तीत बोटभर पाणी घाला आणि एका काठाकडून जोरात, न थांबता फुंकर घाला. पाणी समोरच्या काठावर चढते. आता हेच खोल बादलीत करून पाहा. वरचे पाणी पुढे सरकते, पण ते तळाकडून परत येते आणि काठावर विशेष काही चढत नाही. चक्रीवादळाचा वारा शेकडो मैल समुद्रावर अशीच फुंकर घालीत येतो. समुद्र खोल असेल तर पाणी खालून निघून जाते. उथळ असेल तर त्याला परतीची वाटच नसते, ते साचत, फुगत किनाऱ्यावर चढते. म्हणजे आयझॅक ज्या उथळ तळाला शहराचे संरक्षण समजत होते तोच शहराचा वैरी होता. या चढणाऱ्या पाण्याला वादळी भरती किंवा 'स्टॉर्म सर्ज' म्हणतात. चक्रीवादळात माणसे वाऱ्याने मरतात असे आपण समजतो. किनाऱ्यावरचे मोठे मृत्युकांड बहुतेक वेळा पाण्याने घडते.

मग चक्रीवादळ होते तरी कसे? याचे उत्तर आजीच्या माठात आहे. माठातून पाणी पाझरते, त्याची वाफ होते, आणि ती वाफ जाताना माठातली उष्णता घेऊन जाते, म्हणून पाणी गार राहते. ही उष्णता नाहीशी होत नाही, वाफेत लपून बसते. शून्य अंशाचे पाणी उकळीपर्यंत न्यायला जेवढी उष्णता लागते तिच्या पाचपटींहून जास्त त्याच उकळत्या पाण्याची वाफ करायला लागते. (वाफेचा चटका उकळत्या पाण्यापेक्षा वाईट का, ते आता कळले असेल.) उन्हाळ्याच्या शेवटी समुद्राचे पाणी सुमारे ८० अंश फॅरनहाइट किंवा त्याहून गरम झाले की त्यावरून भरपूर वाफ वर जाते. उंचावर तिचे ढग होतात आणि लपलेली उष्णता मोकळी होते. तिथली हवा गरम होऊन आणखी वर जाते, खाली वायुभार कमी होतो, आजूबाजूची दमट हवा आत धावते, तिच्याबरोबर आणखी वाफ येते. असे हे इंजिन स्वतःच स्वतःला इंधन पुरवत राहते.

आत धावणारी हवा सरळ मध्यावर का पोचत नाही? कारण पृथ्वी फिरते आहे. त्यामुळे उत्तर गोलार्धात वारा उजवीकडे ढळतो आणि मध्याभोवती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने गरगरू लागतो. विषुववृत्तावर पृथ्वीच्या फिरण्याचा हा परिणाम नसतो, म्हणून अगदी तिथे चक्रीवादळे होत नाहीत. वाऱ्याचा वेग ताशी ७४ मैल झाला की अटलांटिकमध्ये त्याला हरिकेन म्हणायचे. चीन-जपानकडे त्यालाच टायफून म्हणतात आणि आपल्याकडे सायक्लोन. सायक्लोन हा शब्द तर कलकत्त्यात जन्मला. हेन्री पिडिंग्टन नावाच्या गृहस्थांनी तो १८४०च्या दशकात घडवला. मध्ये एक शांत जागा असते, ती 'डोळा'. डोळ्याभोवतीच्या ढगांच्या भिंतीत वारा सर्वांत भयंकर असतो.

आणि टॉर्नेडो? तो बहुधा जमिनीवरच्या गडगडाटी पावसाळी ढगातून खाली लोंबतो. रुंदी बहुधा काही शे यार्ड, आयुष्य बहुधा काही मिनिटांचे, क्वचित तासाहून अधिक. पण त्या चिंचोळ्या पट्ट्यात वारा ताशी २०० मैलांच्या पुढे जाऊ शकतो. हरिकेन शेकडो मैल रुंद असते आणि एकदोन आठवडे जगू शकते. चिमुकल्या भिंगरीची आणि गावजत्रेतल्या पाळण्याची तुलना करावी तसे हे आहे. आणखी गंमत म्हणजे हरिकेन किनाऱ्यावर आले की त्याच्या ढगांतून छोटे टॉर्नेडो निघू शकतात.

न्यू जर्सी-बॉस्टनकडच्या आपल्या मित्रमंडळींच्या वाट्याला हिवाळ्यात नॉरईस्टर येते. तेही प्रचंड, तेही फिरणारे, पण त्याचे इंधन वेगळे. उत्तरेची थंड हवा आणि समुद्राकडची उबदार हवा एकमेकांना भिडतात आणि त्या फरकावर ते पोसले जाते. त्याला ना डोळ्याची गरज, ना गरम समुद्राची, त्यामुळे जमिनीवरही ते वाढू शकते. हरिकेन मात्र जमिनीवर आले की वाफ तुटते आणि इंजिन बंद पडू लागते. तेव्हा कुठले वादळ आहे हे ओळखायचे असेल तर एकच प्रश्न विचारावा : याला जेवण कोण घालते आहे?

परत आयझॅककडे. १८९१ मध्ये हवामानखाते लष्कराकडून शेतीखात्याकडे आले. गॅल्व्हेस्टनच्या कचेरीत आयझॅक यांचा लौकिक चांगला होता. वैद्यकीय महाविद्यालयात ते हवामान आणि आरोग्य हा विषयही शिकवीत. समुद्रापासून जवळच, २५ वा रस्ता आणि क्यू अव्हेन्यू इथे त्यांनी खांबांवर उभारलेले भक्कम घर घेतले होते. कुठल्याही वादळात टिकेल असे त्याच्याबद्दल गल्लीत सगळे म्हणत.

ऑगस्ट १९०० च्या शेवटी अटलांटिकमध्ये एक वादळ जन्मले. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ते क्यूबावरून पाऊस पाडीत गेले. हव्हानातल्या बेलेन वेधशाळेत जेझुइट धर्मगुरू कित्येक वर्षे चक्रीवादळांचा अभ्यास करीत होते. बेनितो व्हिन्येस नावाच्या फादरांनी घालून दिलेली ती परंपरा होती. ढगांच्या पिसांवरून आणि समुद्राच्या लाटांवरून वादळाचा माग काढण्यात ते तरबेज होते. त्यांचे मत पडले की हे वादळ बळावते आहे आणि आखाताकडे चालले आहे. पण क्यूबा तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात होता, आणि इथल्या खात्याला ही स्थानिक मंडळी उगाच घबराट पसरवतात असे वाटे. क्यूबातून हवामानाच्या तारा पाठवण्यावर त्याच सुमारास बंदी घातली गेली होती! वॉशिंग्टनने वादळ फ्लोरिडावरून अटलांटिक किनाऱ्याकडे वळेल असे ठरवून टाकले. तेव्हा उपग्रह नव्हते, जहाजांवर बिनतारी यंत्रे नव्हती. आखाताच्या मध्यावर वादळ काय करते आहे हे सांगणारे कुणीच नव्हते. निरोप पोचवण्याच्या सोयीतून उभे राहिलेले खाते ऐन वेळी निरोपच नाकारून बसले, ही गोष्ट आम्हांला या सगळ्या हकीकतीत सर्वांत जास्त बोचते.

शुक्रवारी, ७ सप्टेंबरला, वॉशिंग्टनच्या हुकमावरून गॅल्व्हेस्टनच्या कचेरीवर लाल आणि मध्ये काळा चौकोन असलेले वादळाचे निशाण चढले. शनिवारी पहाटे जोसेफने भावाला उठवले. समुद्र अंगणाजवळ आला होता. आयझॅक किनाऱ्यावर जाऊन घड्याळ लावून लाटा मोजू लागले. लांब लांब अंतराने, आग्नेयेकडून, जडशा लाटा येत होत्या. चक्रीवादळाच्या लाटा वादळापेक्षा जास्त वेगाने पळतात, म्हणून त्या आधी पोचतात. पण त्यांना खरे कोडे पडले ते दुसऱ्याच गोष्टीचे. वारा उत्तरेकडून, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहत होता. त्याने पाणी मागे रेटायला हवे. तरी पाणी चढत होते. असे आजवर पाहिले नाही, अशी तार त्यांनी वॉशिंग्टनला केली. पोरे मात्र रस्त्यांत आलेल्या पाण्यात खेळत होती आणि मोठी माणसे लाटांची मौज पाहायला ट्रामने किनाऱ्यावर येत होती. चक्रीवादळाआधी आकाश विटेसारखे तांबडे होते असे खात्यात समजत. ती खूणही त्या दिवशी दिसली नव्हती.

चक्रीवादळाचा इशारा देण्याचा अधिकार वॉशिंग्टनलाच होता. आयझॅक यांनी पुढे लिहून ठेवले की आपण परवानगीची वाट न पाहता घोडागाडी घेऊन किनाऱ्यावर फिरलो, लोकांना उंच जागी जायला सांगितले आणि त्यामुळे सुमारे सहा हजार जीव वाचले. इतिहासकारांना याबद्दल शंका आहे, कारण वाचलेल्यांच्या आठवणींत ही घोडागाडी फारशी आढळत नाही. आमचे मत विचाराल तर ते काही लोकांशी बोलले असतील, सहा हजारांचा आकडा मात्र त्यांच्या मनाने नंतर लावलेला हिशेब असावा. ज्याचा लेख त्याच गावात नऊ वर्षांपूर्वी छापला गेला, त्याला असा हिशेब मांडावासा वाटला तर त्यात नवल नाही.

दुपारी साडेतीनच्या सुमारास त्यांनी शेवटचा निरोप लिहिला आणि जोसेफने तो टेलिफोनवरून ह्यूस्टनला पोचवला. त्यानंतर बेटाचा जगाशी संबंध तुटला. आयझॅक कमरेइतक्या पाण्यातून घरी गेले. सव्वासहाला कचेरीवरचा वेगमापक उडून गेला. घरात शेजारपाजारची मिळून पन्नासच्या आसपास माणसे जमली होती, कारण घर भक्कम म्हणून प्रसिद्ध होते. कोरा आजारी, अंथरुणात होत्या. त्यांना चौथे मूल होणार होते.

संध्याकाळपर्यंत उत्तरेच्या वाऱ्याने खाडीचे पाणी मागच्या बाजूने शहरात लोटले होते आणि पुढून समुद्र चढत होता. वादळाचा मध्य गॅल्व्हेस्टनच्या पश्चिमेकडून जमिनीवर गेला. वारा काट्यांच्या उलट फिरतो हे लक्षात घेऊन कागदावर एक गोल काढा आणि आपले बेट त्याच्या उजव्या बाजूला ठेवा. मध्य आग्नेयेला असताना वारा उत्तर-ईशान्येचा असणार, आणि मध्य पश्चिमेकडे सरकल्यावर पूर्वेचा, मग आग्नेयेचा, म्हणजे थेट समुद्रावरून. तसेच झाले. वारा फिरला आणि इतका वेळ त्याने अडवून धरलेला समुद्र एकदम मोकळा सुटला. साडेसातच्या सुमारास आपल्या दारात पाणी चार सेकंदांत चार फूट चढले, असे आयझॅक यांनी नोंदवले आहे. एकूण भरती पंधरा फुटांहून अधिक झाली. कचेरीत पारा २८.४८ इंचांवर उतरला होता. वायुभार कमी झाल्यामुळे समुद्र वर ओढला जातो हे खरे, पण हिशेब केला तर त्याने जेमतेम दीड फूट पाणी चढते. बाकी सगळी वाऱ्याची करणी.

घर वाऱ्याला डगमगले नाही. पण समुद्रकाठच्या ट्रामचा रुळांसकट मोडलेला पूल लाटांवर तरंगत आला आणि ओंडक्याने दार फोडावे तसा घराला धडका देऊ लागला. साडेआठच्या सुमारास घर उलथले. जोसेफ दोन्ही मोठ्या मुलींचे हात धरून खिडकीतून बाहेर फेकला गेला. आयझॅक आणि कोरा वाशांखाली सापडले. आयझॅक शुद्धीवर आले तेव्हा ते पाण्यावर होते. विजेच्या लखलखाटात त्यांना सहा वर्षांची एस्थर दिसली, मग जोसेफ आणि मुली. दोघा भावांनी मुलींना पुढे घेतले आणि उडत येणाऱ्या फळ्यांचा मार चुकवायला पाठीशी फळ्या धरल्या. असे सुमारे तीन तास ते मोडक्या घरांच्या ढिगावर तरंगत राहिले. कोरा कुठेच नव्हत्या. घरातल्या पन्नासांपैकी अठराच वाचले.

किनाऱ्यावरच्या सेंट मेरी अनाथालयात दहा जोगिणींनी मुलांना दोरीने स्वतःला बांधून घेतले होते. नव्वद मुले आणि त्या दहाही जणी गेल्या, तीन मोठी मुले तेवढी वाचली. (पालकांनी हा भाग लहानांना वाचून दाखवावा की नाही ते आपले आपण ठरवावे. आम्ही तो गाळणार होतो, पण गाळणे बरोबर वाटले नाही.) एकूण किती माणसे दगावली याची खात्रीची मोजणी झालीच नाही. अंदाज सहा हजारांपासून बारा हजारांपर्यंत आहेत, आठ हजार हा आकडा बहुधा दिला जातो. अमेरिकेच्या इतिहासात कोणत्याही नैसर्गिक आपत्तीने एवढे बळी घेतलेले नाहीत.

आयझॅक यांनी २३ सप्टेंबरला आपला अहवाल लिहून खात्याला पाठवला. वेळा, वाऱ्याच्या दिशा, पाण्याची उंची, सगळे त्यात आहे. पत्नी गेली हेही आहे, एका ओळीत. कोरांचा मृतदेह महिनाअखेरीस सापडला. ज्या ढिगाऱ्यावर हे सगळे तरंगत राहिले होते त्याच्याच खाली त्या होत्या. बोटातल्या अंगठीवरून ओळख पटली.

शहराने मग भिंत बांधली. १९०२ ते १९०४ मध्ये सतरा फूट उंच आणि तीन मैल लांब. आणि तेवढ्यावर न थांबता अख्खे गाव वर उचलले! दोन हजारांहून अधिक इमारती जॅकवर चढवल्या, खाली समुद्रातून उपसलेली वाळू आणि पाणी पाइपांनी सोडले, आणि वाळू बसली की पुढची गल्ली. कित्येक वर्षे लोक फळ्यांच्या पुलांवरून ये-जा करीत. तीन हजार पौंड वजनाचे चर्चही उचलले असते तर आम्ही म्हटले असते ठीक आहे, पण त्यांनी तीन हजार टनांचे उचलले. १९१५ साली पुन्हा तसलेच चक्रीवादळ आले तेव्हा भिंतीच्या आतल्या शहरात थोडीच माणसे दगावली. २००८ मध्ये 'आइक' आले तेव्हा पाणी मागच्या खाडीकडून शहरात शिरले, तिकडे भिंत नव्हती.

आयझॅक यांची १९०१ मध्ये न्यू ऑर्लीन्सला बदली झाली. १९०२ मध्ये त्यांनी पुन्हा लग्न केले. पुढची चौतीस वर्षे त्यांनी आखाताच्या किनाऱ्याचे अंदाज सांभाळले. १९१५ च्या सप्टेंबरात न्यू ऑर्लीन्सवर चक्रीवादळ आले तेव्हा आणि १९२७ च्या मिसिसिपीच्या महापुरात त्यांनी आधीच दिलेले इशारे लोकांच्या उपयोगी पडले. पण आम्हांला त्यांचे सर्वांत मोठे काम वाटते ते वेगळेच. १९०० ते १९२४ या काळात किनाऱ्यावर आलेल्या सोळा चक्रीवादळांच्या नोंदी त्यांनी गोळा केल्या. कुठे किती पाणी चढले, कधी चढले, वादळाचा मध्य तेव्हा कुठे होता, हे तपासले आणि १९२६ साली त्यावर पुस्तक लिहिले. चक्रीवादळ ज्या दिशेने चालले आहे तिच्या उजव्या बाजूला पाणी सर्वांत जास्त चढते, आणि मध्य किनाऱ्यापासून पुष्कळ दूर असतानाच भरतीची वाढ त्याची वर्दी देते, हे त्यांनी आकड्यांनी दाखवले. म्हणजे त्या शनिवारी सकाळी ज्या कोड्याने त्यांना चक्रावले होते, त्याचे उत्तर. १८९१ चा तो लेख चुकला असे त्यांनी गाजावाजा करून कुठे म्हटले नाही. पुस्तकातले नकाशेच ते सांगतात.

२०२० सालच्या ३ जूनला 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडात श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागले, तेव्हा आपल्यापैकी कित्येकांनी रात्रभर गावी फोन लावले असतील. नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. मात्र वादळ कधी आणि कुठे येणार हे आधी कळले होते आणि हजारो लोकांना हलवले होते. आज उपग्रह असतात, वादळाच्या डोळ्यात शिरणारी विमाने असतात, आणि वाऱ्याच्या इशाऱ्याबरोबर पाणी किती फूट चढेल याचा वेगळा नकाशाही टीव्हीवर दाखवतात. आपला पत्ता त्या नकाशात कुठल्या रंगात येतो ते या रविवारी घरी सगळ्यांनी मिळून शोधून ठेवा. शाळेच्या दप्तरात नाही तर फ्रिजच्या दारावर लावा.

१९३५ मध्ये निवृत्त झाल्यावर आयझॅक यांनी न्यू ऑर्लीन्सच्या जुन्या फ्रेंच वस्तीत चित्रांचे दुकान काढले. जुनी काळवंडलेली चित्रे विकत घ्यायची आणि विकायची, हा छंद त्यांनी नव्वदीपर्यंत जपला. १९४५ साली आत्मचरित्र लिहिले. ३ ऑगस्ट १९५५ रोजी, वयाच्या ९३ व्या वर्षी, हरिकेनच्या मोसमातच ते न्यू ऑर्लीन्समध्ये वारले. कोरांची समाधी गॅल्व्हेस्टनच्या लेकव्ह्यू स्मशानभूमीत आहे. २५ वा रस्ता आणि क्यू अव्हेन्यूचा कोपरा आजही तिथेच आहे. त्यांच्या वेळचा रस्ता मात्र वाळूच्या भरावाखाली, कित्येक फूट खाली गेला आहे.